पीचची लव कुठून येते आणि नेक्टरिनची कुठे जाते

उन्हाळ्याच्या शेवटी फळवाल्याकडे पीच आणि नेक्टरिन शेजारी शेजारी मांडलेले दिसले, की "हे काय वेगळं?" असं कोणीतरी विचारतंच, आणि उत्तरही ठरलेलं असतं: नेक्टरिन म्हणजे पीच आणि प्लमचा संकर. ऐकायला पटतं. आकार पीचचा, साल प्लमसारखी तुळतुळीत, म्हणजे दोघांचं मिळून काहीतरी झालं असणार. पण हे साफ चूक आहे. नेक्टरिनमध्ये प्लमचा अंशही नाही. नेक्टरिन हे पीचच आहे, फक्त त्याच्या सालीवर लव नाही. वनस्पतिशास्त्रात दोघांचं नाव एकच, प्रूनस पर्सिका. एकाच झाडाच्या एका फांदीला पीच आणि दुसऱ्या फांदीला नेक्टरिन लागल्याच्या नोंदी तर पावणेतीनशे वर्षांहून जुन्या आहेत. हे कसं घडतं हे कळायला आधी ती लव म्हणजे नेमकं काय, हे बघावं लागेल.

पीच उजेडाकडे तिरकं धरलं की कडेला एक बारीक रुपेरी झालर दिसते. भिंगातून पाहिलं तर त्या झालरीत दोन प्रकारचे केस दिसतात: काही लांब आणि थोडे वाकलेले, आणि त्यांच्यामध्ये दाटीने उभे असलेले आखूड. लांबातला लांब केसही साधारण मिलिमीटरभराचा. यातला प्रत्येक केस म्हणजे एकच पेशी. सालीचा सगळ्यात बाहेरचा थर चपट्या पेशींचा असतो. त्यातल्या काही पेशी शेजारच्यांसारख्या चपट्या न राहता बाहेरच्या दिशेने वाढत जातात आणि त्यांचा केस होतो. त्या सालीला चिकटलेल्या नाहीत, त्या सालीचाच भाग आहेत. म्हणून पीच कितीही चोळलं तरी लव पूर्णपणे जात नाही, केस मोडतात आणि मुळाचा भाग तिथेच राहतो.

बऱ्याच जणांना वाटतं की फळ मोठं होताना लव उगवत जाते. खरं तर ती फळाच्याही आधीची आहे. पीचचं गुलाबी फूल उमलायच्या आधी, कळीत असतानाच, त्याच्या मधोमध असलेल्या किंजपुटावर हे केस आलेले असतात. किंजपुट म्हणजे फुलाचा जो भाग पुढे फळ होतो तो. पीचची कळी ब्लेडने उभी कापली तर आत लोकरीचा एक इवला गोळा बसलेला दिसतो, आणि नेक्टरिनची कळी कापली तर त्याच जागी हिरवा, गुळगुळीत मणी. फळ पीचचं की नेक्टरिनचं, हे झाडावर एकही फळ धरलेलं नसताना सांगता येतं. पुढे फळ फुगत जातं, पण केस त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून बोराएवढं कोवळं पीच लवेने पांढुरकं दिसतं आणि पिकलेल्या पीचवर तीच लव विरळ झालेली असते.

इथे आपल्या विदर्भ-खानदेशाशी एक सरळ नातं निघतं. कापसाचा तंतूही असाच तयार होतो. सरकीच्या बाहेरच्या थरातली एक पेशी लांबत जाते, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत, आणि बोंड फुटलं की जे पांढरं दिसतं ती म्हणजे अशा असंख्य एकपेशी केसांची गर्दी. पीचची लव आणि कापूस यांच्यात साम्य फक्त दिसण्यापुरतं नाही. कापसात हे केस सुरू करून देणारं जे जनुक आहे, त्याच कुटुंबातलं जनुक पीचमध्येही लवेचं काम करतं. गुलाबाच्या कुळातलं पीच आणि भेंडीच्या कुळातला कापूस ही दोन कुळं एकमेकांपासून खूप दूरची. तरीही केस काढायची युक्ती दोघांकडे एकाच प्रकारच्या बटणाने चालते, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं.

पीचमधल्या त्या जनुकाचं नाव पीपीई-एमवायबी-२५. २०१३ साली पीचचा पूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यामुळे पीचच्या आठ गुणसूत्रांवर कुठे काय आहे याचा नकाशा संशोधकांच्या हाती आला, आणि पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, इटलीतल्या संशोधकांनी लव असणं-नसणं ठरवणारी जागा पाचव्या गुणसूत्रावर नेमकी पकडली. पीचमध्ये हे जनुक धड असतं. नेक्टरिनमध्ये त्याच्या मधोमध डीएनएचा एक मोठा परका तुकडा घुसलेला आढळला. हा तुकडा म्हणजे ज्यांना 'उड्या मारणारी जनुकं' म्हणतात त्यांपैकी एक. स्वतःची नक्कल काढून ती गुणसूत्रावर दुसरीकडे नेऊन बसवणं एवढंच त्यांचं काम. अशी जनुकं असतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या रंगीत दाण्यांवरून १९४० च्या दशकात ओळखलं होतं आणि १९८३ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. पाककृतीच्या वहीत पुरणपोळीच्या कृतीच्या मधोमध दुसऱ्याच कशाची चार पानं शिवली गेली, तर पुरणपोळी काही होत नाही. नेक्टरिनमध्ये नेमकं तेच झालं आहे. जनुक जागेवर आहे, पण वाचता येत नाही, आणि केस सुरू करा हा निरोप पेशींपर्यंत पोचत नाही.

प्रत्येक झाडाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. दोन्हींपैकी एक जरी चांगली असली तरी लव येते. म्हणजे लव प्रभावी गुण, गुळगुळीतपणा अप्रभावी. त्यामुळे होतं काय, की वरून पाहता पूर्ण लवदार असलेलं पीचचं झाड एक बिघडलेली प्रत बाळगून असू शकतं आणि कोणाला त्याचा पत्ताही नसतो. पीच बहुतेक करून स्वतःच्याच परागांनी फळतं. अशा झाडाच्या आठळ्या पेरल्या तर सरासरी चारातल्या एका रोपाकडे दोन्ही प्रती बिघडलेल्या जातात आणि त्याला नेक्टरिन लागतात. उलट नेक्टरिनचं स्वतःच्या परागांनी धरलेलं बी पेरलं, तर येणारी सगळी झाडं नेक्टरिनचीच, कारण द्यायला चांगली प्रत त्याच्याकडे नसतेच. प्लमची गरज यात कुठेच पडत नाही.

फांदीची गोष्ट याहून अजब आहे. इंग्लंडमधले पीटर कॉलिन्सन यांनी १७४१ साली पीचच्या झाडाला नेक्टरिन लागल्याची नोंद केली. चार्ल्स डार्विन यांना या प्रकाराने इतकं गुंगवलं की त्यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात, पाळीव प्राणी आणि पिकांमधल्या बदलांविषयी लिहिताना, अशा कितीतरी घटना एकत्र केल्या. त्यात एका फळाचं वर्णन आहे ज्याचा तीन हिस्से भाग पीच आणि एक हिस्सा नेक्टरिन होता. दिसायला वेगळा आणि चवीलाही वेगळा. डार्विन यांच्याकडे जनुकाची कल्पना नव्हती. आज त्याचं स्पष्टीकरण असं देता येतं: ज्या झाडाकडे एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत आहे, त्याच्या एखाद्या डोळ्यातल्या, म्हणजे नवी फांदी फुटणाऱ्या कोंबातल्या, एका पेशीत चांगली प्रतही बिघडते किंवा गळते. त्या पेशीपासून पुढे जेवढा भाग वाढतो, मग ती अख्खी फांदी असो की फळाची एक फोड, तेवढा भाग गुळगुळीत निघतो. बागायतदाराने तिथला डोळा काढून दुसऱ्या खुंटावर भरला की नेक्टरिनची नवी जात तयार.

यात आणखी एक बारकावा आहे. फांदीच्या शेंड्याशी पेशींचे थर वेगवेगळे वाढतात. सगळ्यात बाहेरच्या थरापासून साल आणि तिचे केस बनतात, तर पराग आणि बीजांड तयार करणाऱ्या पेशी सहसा त्याच्या आतल्या थरातून येतात. बदल फक्त बाहेरच्या थरात झाला असेल तर फळ दिसेल नेक्टरिन, पण त्याच्या आठळीतला वारसा राहील पीचचा. म्हणजे साल पाहून बियाण्याचा भरवसा देता येत नाही.

मग झाडाला ही लव हवी कशाला? सगळ्यात जुनं आणि ठोस उत्तर अमेरिकेतून आलं. डाउनिंग या तिथल्या नामांकित बागतज्ज्ञाचा हवाला देऊन डार्विन यांनी १८५९ मध्येच लिहिलं, की अमेरिकेत लवदार फळांपेक्षा गुळगुळीत सालीच्या फळांना एक भुंगा फार जास्त त्रास देतो. हा सोंडेचा छोटा भुंगा तिथे आजही प्लम आणि नेक्टरिनच्या बागांचा मोठा शत्रू आहे. मादी कोवळ्या फळाच्या सालीला चंद्रकोरीच्या आकाराची चीर पाडून अंडी घालते. केसांच्या दाट जंगलातून सालीपर्यंत पोचणं एवढ्याशा किड्याला सोपं नसतं. फुलकिड्यांचंही तसंच. नेक्टरिनच्या कोवळ्या किंजपुटाला फुलकिडे खरवडतात आणि फळ मोठं होताना तो ओरखडाही ताणून मोठा होतो. पिकलेल्या फळावर चंदेरी-तपकिरी डाग दिसतो. लवदार पीचवर असे डाग कमी दिसतात.

पाण्याचं काम घरी पाहता येतं. न धुतलेल्या पीचवर एक थेंब सोडा. तो पसरत नाही, गोल होऊन केसांवरच टेकून राहतो, कारण केसांवर मेणासारखा थर असतो आणि त्यांच्यामध्ये हवा अडकलेली असते. नेक्टरिनवर तोच थेंब सालीला भिडतो. आठळीच्या फळांना होणारी तपकिरी कूज ही बुरशी ओल्या सालीवर जोर धरते, आणि नेक्टरिन तिला लवकर बळी पडतात, असा बागायतदारांचा अनुभव आहे. लवेमुळे फळातलं पाणीही कमी उडतं आणि कडक उन्हाचा काही भाग परावर्तित होतो.

त्यामुळे नेक्टरिनला रानात टिकाव धरणं अवघडच गेलं असतं. माणसाला ते आवडलं, त्याने डोळा भरून ते जपलं, फवारण्या करून वाढवलं, म्हणून ते आहे. 'सुधारलेलं पीच' म्हणून त्याचं कौतुक होतं ते मला पटत नाही. झाडाच्या बाजूने पाहिलं तर ते अंगावरचं पांघरूण गमावलेलं पीच आहे. हां, खाणाऱ्याच्या पदरात काही पडतं हे खरं. नेक्टरिन साधारणपणे थोडं लहान, गराने जरा घट्ट आणि अंमळ गोड असतं, रंगही जास्त भडक दिसतो. पोषणात सांगण्यासारखा फरक नाही: शंभर ग्रॅम पीचमध्ये ३९ च्या आसपास कॅलरी, नेक्टरिनमध्ये ४४, आणि दोन्हींत जवळजवळ नऊ दशांश पाणीच. पांढरा गर की पिवळा, आठळी गरापासून सुटी होणारी की चिकटलेली, गर विरघळणारा की रबरासारखा घट्ट, हे फरक चवीच्या दृष्टीने लवेपेक्षा कितीतरी मोठे आहेत, आणि हे सगळे प्रकार पीचमध्येही मिळतात आणि नेक्टरिनमध्येही.

आता जवळची भावंडं. प्लम म्हणजे आलुबुखार, जर्दाळू, चेरी, बदाम, सगळी प्रूनस याच प्रजातीतली. आंब्यासारखीच रचना: बाहेर साल, मध्ये गर, आत कठीण कवच आणि कवचात बी. आंबा मात्र काजूच्या कुळातला, त्याचं यांच्याशी नातं नाही.

जर्दाळूवर लव असते, पण इतकी आखूड की बोटाला मखमल लागते, केस जाणवत नाहीत. आलुबुखारावर केस अजिबात नाहीत, त्याऐवजी पांढरट धुरकट थर असतो जो बोटाने पुसला जातो. तो मेणाचा थर झाड स्वतः तयार करतं. आपल्या नाशिकच्या द्राक्षांवरही तोच असतो, आणि दोन्हीकडे लोक त्याला फवारलेलं औषध समजून घाबरतात. चेरी तर आरशासारखी चकचकीत. पाणी आणि कीड यांच्याशी प्रत्येकाने आपापल्या परीने निपटायचं ठरवलेलं दिसतं. खऱ्या संकराची उदाहरणंही याच घरात आहेत: कॅलिफोर्नियात फ्लॉइड झायगर यांनी प्लम आणि जर्दाळूच्या संकरातून काढलेलं प्लुऑट. नेक्टरिनबद्दल जी कथा सांगतात ती प्लुऑटसारख्या फळाबद्दल सांगितली तर निदान खऱ्याच्या जवळ जाईल.

पण पीचचं सगळ्यात जवळचं नातेवाईक या तिघांपैकी एकही नाही. तो आहे बदाम. झाडावरचा हिरवा बदाम पाहिला तर लगेच पटतं: चपटं, हिरवट-करडं, लवदार फळ, जणू न पिकलेलं पीच. फरक पुढे पडतो. पीचचा गर रसाने भरत जातो. बदामाचा गर वाळून चामड्यासारखा होतो, फाटतो आणि आतलं कवच उघडं पडतं. पीचमध्ये आपण गर खाऊन बी टाकतो, बदामात गर टाकून बी खातो. आठळ्या शेजारी ठेवल्या तर पीचची खोल खाचांनी भरलेली असते, बदामाचं कवच त्या मानाने सपाट आणि बारीक छिद्रांचं. दोघांचा संकर सहज होतो, इतका सहज की भूमध्य समुद्राकाठच्या चुनखडीच्या जमिनीत पीचच्या कलमांसाठी जीएफ ६७७ नावाचा जो खुंट वापरतात, तो पीच आणि बदामाचाच संकर आहे.

या नात्यामुळेच पीचची आठळी फोडली की आत छोटासा बदाम दिसतो. तो खाऊ नये. कडू बदामासारखंच त्यात अमिग्डालिन असतं आणि चावल्यावर, पचताना त्यातून सायनाइड सुटतं. बाजारातल्या सुक्या जर्दाळूंची आठळी फोडून आतली गोड गिरी खायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती गोड जातीची असते म्हणून चालते. तीच सवय पीचच्या आठळीवर चालवू नका, विशेषतः मुलांना देऊ नका.

पीचचं मूळ घर चीन. झेजियांग प्रांतात साडेसात-आठ हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांमधून पीचच्या आठळ्या सापडल्या आहेत. भारतात ते आज पिकतं हिमाचलात, त्यातही सिरमौरच्या राजगढचं नाव मोठं, उत्तराखंडात नैनीतालच्या डोंगरांत रामगढ-भोवालीकडे, काश्मिरात, आणि पंजाबच्या मैदानात 'शान-ए-पंजाब'सारख्या कमी थंडीत भागणाऱ्या जातींमुळे. झाडाला हिवाळ्यात ठरावीक तास साधारण सात अंशांखालची थंडी मिळाली तरच वसंतात कळ्या नीट फुटतात. डोंगरी जातींना असे सहाशे ते हजार तास लागतात, मैदानी जातींना त्याच्या निम्म्याहूनही कमी. आपल्या दख्खनच्या पठारावर तेवढेही सहसा मिळत नाहीत, म्हणून पुण्या-मुंबईच्या बाजारात पीच येतं ते उत्तरेकडून, पेटीतून.

परदेशी सुपरमार्केटमधलं पीच हातात घेतलं तर त्यावर लव फारच कमी वाटते. ती जात वेगळी असते असं नाही. तिकडच्या मोठ्या पॅकिंग हाउसमध्ये फळं ओल्या, फिरत्या ब्रशांखालून जातात आणि बरेचसे केस तिथेच झडतात. ग्राहकाला ते आवडतं, फळाला परवडत नाही. घासलेल्या सालीतून पाणी लवकर जातं, आणि घासताना पाण्यात लोहासारख्या धातूंचे अंश असतील तर सालीवर काळपट डाग उमटतात. घरी आणल्यावर खाण्याच्या आधीच, वाहत्या पाण्याखाली तळहाताने किंवा मऊ फडक्याने चोळून धुवा. धुऊन ठेवून देऊ नका. घेताना लालीवर जाऊ नका, ती जातीवर आणि उन्हावर अवलंबून असते. देठाजवळचा मूळ रंग पाहा. तो हिरवट असेल तर फळ कच्चं तोडलेलं आहे, पिवळा किंवा सायीचा असेल तर घ्या. साल नकोच असेल तर पिकलेलं पीच उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट आणि लगेच थंड पाण्यात टाकलं की साल हाताने निघते.

लवेमुळे काहींच्या ओठांना, हाताला खाज येते. ती दोन प्रकारची असू शकते, आणि दोन्हींची गल्लत करू नये. एक म्हणजे केसांची नुसती टोच. फळ धुतलं किंवा सोललं की ती थांबते. पीच तोडणाऱ्या आणि पॅक करणाऱ्या कामगारांना ही चांगलीच ठाऊक असते. दुसरी खरी ॲलर्जी. तिला बहुतेक वेळा कारण असतं पीआरयू-पी-३ नावाचं प्रथिन, जे गरापेक्षा सालीत आणि लवेत खूप जास्त असतं. स्पेन आणि इटलीत ही ॲलर्जी पुष्कळ आढळते. हे प्रथिन शिजवून किंवा पोटातल्या आम्लाने सहजासहजी मोडत नाही, म्हणून मुरंबा किंवा डबाबंद रसही सुरक्षित धरता येत नाही. पीच खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी उठणं, घसा आवळणं किंवा उलट्या असं काही झालं असेल, तर "लव बाधली असेल, आता नेक्टरिन खाऊन बघू" हा प्रयोग करू नका. नेक्टरिनच्या सालीतही हेच प्रथिन असतं, आणि जर्दाळू, प्लम, चेरी, सफरचंद यांच्यात त्याची जवळची भावंडं असतात. आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, आणि श्वास अडकत असेल तर थेट रुग्णालय गाठा.